फोटो, एक्स-रे की क्ष-किरण?

मालवणच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. सासूबाईंच्या घशात पेडवा या छोट्या माशाचा काटा अडकला म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं. घरी आल्यावर त्या सांगू लागल्या, "फोटो काढल्यानी, पण फोटोत काटो दिसाक नाय." त्यावर दहावीतली नात म्हणाली, "फोटो नाही गं आजी, क्ष-किरण काढले." दोघींत बरोबर कोण?

माझा कौल आजींना. क्ष-किरण यंत्रातून सोडतात. काढतात ते चित्र. 'एक्स-रे काढला' हे मात्र चालतं, कारण मराठीत एक्स-रे म्हणजे किरणही आणि हातात मिळणारी फिल्मही. क्ष-किरण या शब्दाला ही दुसरी अर्थछटा आलेली नाही.

त्यातला क्ष आला बीजगणितातून. जर्मनीत व्युर्त्सबुर्ग इथे भौतिकशास्त्रज्ञ राँटगेन यांना १८९५च्या नोव्हेंबरात हे किरण सापडले. ते नेमके काय आहेत हे कळेना, म्हणून त्यांनी अज्ञात राशीचं अक्षर दिलं, एक्स. आपल्या बीजगणितात त्या जागी क्ष असतो. पुढे १९१२मध्ये लावे या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाच्या सुचवणीवरून स्फटिकातून हे किरण सोडून पाहिले, तेव्हा ते प्रकाशासारख्याच लहरी असल्याचं पक्कं झालं. वेग प्रकाशाचाच. विद्युतभार नाही, म्हणून लोहचुंबकाने वळत नाहीत. फरक तरंगलांबीचा : डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, तर हे १० नॅनोमीटरपासून ०.०१पर्यंत.

आता 'फोटो'कडे येऊ, कारण खरी गंमत इथे आहे. कॅमेऱ्यात भिंग प्रकाश वळवून एकत्र आणतं. क्ष-किरण काचेतून जाताना जवळजवळ वळतच नाहीत, त्यामुळे साध्या भिंगाने त्यांचं चित्र जुळवता येत नाही. मग उरते ती सावली, कंदिलासमोर हात धरल्यावर भिंतीवर पडते तशी. छातीचा फोटो काढताना "पाटीला चिकटून उभे राहा" म्हणतात ते याचसाठी : वस्तू पाटीपासून जितकी दूर, तितकी सावली मोठी आणि पुसट. हृदय छातीत पुढच्या बाजूला, म्हणून छाती पाटीला टेकवून किरण पाठीकडून सोडतात. म्हणजे मराठीत फोटोसाठी केलेला 'छायाचित्र' हा शब्द कॅमेऱ्यापेक्षा इथेच अक्षरशः खरा ठरतो! मला तो इथे रुळलेला फार आवडेल.

ही छाया पांढरी दिसते, कारण किरण पोचतात तिथे फिल्म काळी होते आणि अडतात तिथे पांढरी राहते. अडवणं बरंचसं अणुक्रमांकावर, म्हणजे अणूतल्या प्रोटॉनच्या संख्येवर ठरतं. मांसात मुख्यतः हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजन. त्यांचे अणुक्रमांक १, ६ आणि ८. हाडातल्या कॅल्शियमचा २०. अणुक्रमांक वाढला की शोषण कितीतरी पटींनी वाढतं. शिसं तर ८२, म्हणून यंत्र चालवणाऱ्यांच्या अंगावर शिशाचा एप्रन.

काट्यातही कॅल्शियम असतं, पण पेडव्याचा काटा केसासारखा बारीक. घशातल्या मांसाच्या आणि कूर्चांच्या सावलीत तो सहज हरवतो. गिळलेलं नाणं लख्ख दिसतं, काटा बऱ्याचदा नाही. तेव्हा ताई, 'फोटोत काटा दिसला नाही' याचा अर्थ 'काटा नाही' असा घेऊ नका. सासूबाईंना अजून टोचत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने पाहून घ्या.