मिन्ह्वा परदेशी लोकांना दाखवताना

मिन्ह्वा, म्हणजे कोरियन लोकचित्रं, परदेशी लोकांना दाखवायच्या कार्यशाळा तुम्ही घेताय; सुरुवात छान केलीत. फक्त पहिल्याच कार्यशाळेत कोरियाच्या जुन्या जोसन राजवटीचा इतिहास सांगत बसू नका. नवखे हमखास तिथेच चुकतात. वाघ आणि मॅग्पाय पक्ष्याचं चित्र समोर ठेवा, लोकांना आधी मनमुराद हसू द्या. मग सांगा: वाघ अरिष्ट पळवतो, पक्षी शुभवार्ता आणतो, म्हणून नववर्षाला अशी चित्रं घराला लावत. चित्र घरात कशासाठी होतं हे कळलं की परका माणूसही त्यात रमतो.

एवढं सांभाळा:
- 'चिनी चित्रांसारखंच' असं म्हणून मोकळे होऊ नका.
- वाघाचे वेडेवाकडे डोळे 'दुरुस्त' करू नका. सगळा जीव तिथेच आहे!
- हान्जी, म्हणजे कोरियन हातकागद, हाताळायला द्या.

पुस्तकांच्या मांडणीची चित्रं, छेकगोरी, पुढच्या खेपेला. खनिज रंग आणि ते धरून ठेवणारा सरस त्यानंतर.