‘मन वढाय वढाय’मध्ये ‘जणू’ नाही, ‘सारखं’ नाही, मग अलंकार कोणता?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. स्पर्धा परीक्षेसाठी अलंकारांचा तक्ता तोंडपाठ केलाय, तरी उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांत दर वेळी गुण जातो, ही पहिली. आणि सराव प्रश्नपत्रिकेतल्या ‘मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर’ या ओळीत साम्य दाखवणारा शब्दच सापडत नाही, मग उत्तर काय लिहायचं, ही दुसरी.

दुसरीचं उत्तर आधी देऊन टाकतो. रूपक. मन ढोरासारखं आहे असं बहिणाबाई म्हणत नाहीत, मन ढोर आहे असंच म्हणतात. पण एवढं सांगून थांबलो तर पुढची ओळ आली की तुम्ही परत अडकाल, कारण खरी गडबड त्या तक्त्यात आहे. मी स्वतः तो तक्ता घोकून परीक्षा दिल्या आणि नापास झालो. आता गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांना व्याकरण शिकवतो, तिथेही दरवर्षी नवी बॅच तोच तक्ता घोकून येते.

तक्ता काय सांगतो? सम, समान, सारखा, परी, जसा, तुल्य दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे, की दिसलं की उत्प्रेक्षा. (‘गमे’ हा शब्द मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेला नाही.) मागे मी पोरांना वाक्य घातलं, ‘बाळ सकाळपासून सारखं रडतंय.’ अकरापैकी चौघांनी उपमा लिहिलं. ‘मला वाटतं उद्या पाऊस येईल’ यात वाटणं आहे, उत्प्रेक्षा नाही. ‘तुमची गाडी अगदी माझ्या गाडीसारखी आहे’ यात तर साम्य आहे, ‘सारखी’ही आहे, तरी उपमा नाही. गाडीला गाडीची तुलना केली यात कसला आलाय चमत्कार? दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकमेकींशेजारी आणल्या, त्यांच्यातला एक समान गुण अचानक दिसला आणि ऐकणारा खूश झाला, तर तो अलंकार.

ज्याचं वर्णन चाललंय ते उपमेय, ज्याच्याशी तुलना केली ते उपमान, हे तुम्हाला माहीत आहे. आता शब्द शोधणं सोडा आणि एवढंच बघा, की ही दोन माणसं एकमेकांच्या किती जवळ आली आहेत.

जळगावात खोली घेऊन राहत होतो तेव्हा मी पोळ्या करायला शिकलो. म्हणजे शिकत होतो. पहिल्या दिवशी माझा खोलीमित्र म्हणाला, “पोळी पापडासारखी झालीय रे.” ही उपमा. पोळी पोळीच्या जागी, पापड पापडाच्या जागी, मध्ये ‘सारखी’चा उंबरठा. दुसऱ्या दिवशी, “पोळी कसली, जणू पापडच!” आता त्याने कल्पनेत उंबरठा ओलांडलाय, पण हे खरं नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. ही उत्प्रेक्षा. तिसऱ्या दिवशी, “तुझी पोळी म्हणजे पापड आहे, पापड.” जणूबिणू काही नाही, दोन्ही एकच. हे रूपक. मग त्याला चेव चढला. “ही पोळी नाहीच, पापड आहे” ही अपन्हुती, पोळीचं पोळीपणच नाकारलं. “ही पोळी आहे का पापड?” हा ससंदेह. “यापेक्षा पापड मऊ असतो” हा व्यतिरेक, कडकपणात पोळीने पापडाला हरवलं. आठवड्याच्या शेवटी तो हात जोडून म्हणाला, “तुझ्या पोळीसारखी तुझीच पोळी.” हा अनन्वय, तुलनेला दुसरं कुणी उरलंच नाही.

एक बारीक फरक इथे सांगायला हवा. तो जर नुसतं “वाढ आणखी एक पापड” म्हणाला असता आणि पोळीचं नावच घेतलं नसतं, तर ते रूपक नव्हे. रूपकात उपमेय आणि उपमान दोघंही हजर लागतात. उपमेय गिळून टाकलं की संस्कृत शास्त्रकार त्याला अतिशयोक्तीचा एक प्रकार मानतात. परीक्षेत इतक्या खोलात सहसा कुणी जात नाही, पण एकदा समजलं की रूपकाची हद्द पक्की होते.

हा पोळीचा खेळ मी काढलेला नाही. सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांनी ‘चित्रमीमांसे’त मुख आणि चंद्र एवढी एकच जोडी घेऊन ती एका अलंकारातून दुसऱ्यात फिरवून दाखवली आहे. त्यांचं म्हणणं असं, की उपमा ही एकच नटी आहे, काव्याच्या रंगमंचावर वेगवेगळ्या भूमिका घेऊन नाचते आणि जाणकारांचं मन रिझवते. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुढे दीक्षितांच्याच ‘कुवलयानंदा’त ते शंभराच्या वर गेले. घाबरू नका, त्यातले बरेचसे वेश बदललेली तीच नटी आहे.

शब्दालंकारांत, म्हणजे ठरावीक शब्दावरच उभ्या असलेल्या अलंकारांत, तुम्ही अडकलेले दिसत नाही, म्हणून एकच युक्ती सांगून पुढे जातो. शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घाला. ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही’ इथे ‘मित्र’ म्हणजे दोस्तही आणि सूर्यही, एका शब्दाचे दोन अर्थ, हा श्लेष. ‘मित्र’ काढून ‘सूर्य’ घातला की श्लेष मेला, म्हणजे तो शब्दालंकार होता. पोळीच्या जागी चपाती म्हणा, उपमा जिवंतच राहते, म्हणजे तो अर्थालंकार.

आता तुमच्या ओळीकडे. ‘वढाय’ म्हणजे ओढाळ. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, आणि आमच्या या लेवा बोलीत ळ चा य होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया, आभाळाचं आभाय. वर्गात बाहेरगावची पोरं ‘वढाय’चा अर्थ ‘चंचल’ असा लिहून मोकळी होतात. ते चूक नाही, पण ढोर निसटतं.

ओढाळ ढोर म्हणजे भटकं ढोर नव्हे. आमच्या आजोबांकडे एक तांबडी गाय होती. समोर चारा असला तरी तिचं लक्ष शेजारच्या ज्वारीत. सुटली की सरळ तिकडे. आजोबांनी तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं होतं, हातभर लांबीचा लाकडाचा ओंडका. ती पळायला लागली की तो पुढच्या पायांवर आपटायचा आणि तिची चाल मोडायची. तरी ती जायचीच, लोढणं आपटत आपटत जायची. दोनदा तिला कोंडवाड्यातून दंड भरून सोडवून आणलेलं मला आठवतंय. ‘गळ्यात लोढणं पडलं’ असं आपण नको असलेल्या जबाबदारीला म्हणतो, ते इथूनच आलंय, फक्त आता म्हणणाऱ्याला गाय दिसत नाही.

पुन्हा ‘उभ्या पिकातलं’ बघा. कापणी झालेल्या रानात ढोर शिरलं तर कुणी काठी घेऊन धावत नाही. उभ्या पिकात शिरलं तर नुकसान. आणि पुढची ओळ आहे, ‘किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर.’ इथे हाकायचं कुणाला? मनाला. पण हाकणं हे क्रियापद ढोराचं आहे. माझी कसोटी हीच आहे: क्रियापद कुणाचं आहे ते बघा. उपमानाचं क्रियापद उपमेयाला बिनदिक्कत लावलं असेल, तर दोघं एक झालेत, रूपक. संस्कृतातही ‘मुखचंद्र’सारख्या समासाचा निवाडा याच वाटेने करतात. मुखचंद्र उगवला म्हटलं तर रूपक, कारण उगवतो चंद्र. मुखचंद्र हसला म्हटलं तर उपमा, कारण हसतं मुख.

माझं ऐकाल तर तक्ता बाजूला ठेवा आणि ही एक कविता पाठ करा. निम्मा धडा हिच्यातच आहे.

‘मन पाखरू पाखरू’ हे पुन्हा रूपक. ‘आता व्हतं भुईवर, गेलं गेलं आभायात’, उडणं पाखराचं. ‘मन लहरी लहरी’ या कडव्यात मात्र ‘उंडारलं उंडारलं जसं वारा वाहादन’ असं येतं. वाहादन म्हणजे वादळ. ‘जसं’ आलं, मन आणि वादळ वेगळे राहिले, उपमा. ‘मन चपय चपय’मध्ये मन ‘तठे व्हयीसनी ईज’ धरतीवर येतं. व्हयीसनी म्हणजे होऊन. वीज होऊन येतं, विजेसारखं येत नाही. एवढ्या एका शब्दावर उपमा आणि रूपक वेगळे होतात.

पोरं सगळ्यात जास्त चुकतात ते ‘मन जह्यरी जह्यरी’ या कडव्यात. ‘आरे, इचू, साप बरा, त्याले उतारे मंतर.’ विंचवाच्या, सापाच्या विषाला उतरवणारा मंत्र तरी आहे, मनाच्या विषाला तोही नाही. सगळे अतिशयोक्ती लिहितात. पण इथे उपमेय उपमानाच्या वरचढ ठरलंय, म्हणजे व्यतिरेक. गाइडमध्ये व्यतिरेकाला नेहमी ‘अमृताहूनी गोड’ हेच उदाहरण असतं, त्यामुळे व्यतिरेक म्हणजे काहीतरी गोडच असणार अशी समजूत होऊन बसते. वरचढ जहर असलं तरी तो व्यतिरेकच. (साप खरोखर चावला तर मात्र मंत्राच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठा.)

अतिशयोक्ती हवी असेल तर ती तीन कडवी पुढे आहे. ‘मन एवढं एवढं, जसा खाकसचा दाना’, खाकस म्हणजे खसखस, इथवर उपमा. लगेच ‘मन केवढं केवढं? आभायात बी मायेना’, ही अतिशयोक्ती. आणि खसखशीएवढं मन आभाळात मावत नाही हे एका दमात म्हटलं, म्हणून पूर्ण कडव्याला विरोधाभास म्हटलं तरी मी गुण कापणार नाही. एकाच कडव्यात दोन अलंकार असू शकतात, हे पर्यायी प्रश्नांनी आपल्याला विसरायला लावलंय.

शेवटच्या कडव्यावर आमच्या अभ्यासिकेत दरवर्षी वाद होतो. असं मन घडलं कसं, असं देवाला विचारून बहिणाबाई म्हणतात, ‘कुठे जागेपनी तुले असं सपनं पडलं!’ मन म्हणजे देवाला जागेपणी पडलेलं स्वप्न. यात जणू नाही, वाटे नाही, गमे तर नाहीच. माझ्या मते ही उत्प्रेक्षेच्या फार जवळची ओळ आहे, कारण त्या ठामपणे सांगत नाहीत, तर्क करताहेत, आणि तर्क हाच उत्प्रेक्षेचा जीव. एक विद्यार्थिनी म्हणते, सर, हे रूपकच, मन आणि स्वप्न एक झालंय. तिला अजून मला पटवता आलेलं नाही आणि मला तिला.

तुमच्या त्या सराव प्रश्नपत्रिकेच्या उत्तरतालिकेत ‘मन वढाय’पुढे काय छापलंय ते खाली लिहा. उपमा छापलं असेल तर ते पुस्तक रद्दीत घाला.