बँकेच्या शाखेचा नकार कागदावर घ्यावा

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शिक्षिकेची नोकरी लागली, पगाराचे खाते उघडण्यासाठी तू बँकेच्या शाखेत गेलीस आणि तिथे तुला सांगण्यात आले की, खाते उघडून देऊ, पण दिसत नसल्यामुळे एटीएम कार्ड आणि चेकबुक देता येणार नाही. ते हवेच असेल तर वडिलांच्या किंवा भावाच्या नावे संयुक्त खाते काढावे, नाहीतर स्टॅम्पपेपरवर हमीपत्र लिहून द्यावे. वर पुन्हा 'ताई, तुमच्याच काळजीपोटी सांगतोय' हेही ऐकवण्यात आले. अशा वेळी भांडावे की ऐकून घ्यावे, असे तू विचारले आहेस. माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि शेवटची काही वर्षे शाखा सांभाळण्यात गेली, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूला काय चाललेले असते ते मी तुला आधी सांगतो. ते कळले की पुढचे सोपे जाईल.

बँकेत निरक्षर खातेदारांची खाती असतात, ज्यांना आम्ही आपसात 'अंगठ्याची खाती' म्हणतो. अशा खातेदाराला सहसा चेकबुक दिले जात नाही; त्याने पासबुक घेऊन स्वतः यायचे, अधिकाऱ्यासमोर अंगठा उठवायचा आणि पैसे न्यायचे, अशी रीत आहे. जो सही करतो आणि वाचतो तो एका बाजूला, जो अंगठा उठवतो तो दुसऱ्या बाजूला, अशी ही सरळ विभागणी झाली आणि तिच्यात अंध खातेदार कुठे बसतो याचा विचार कोणी फारसा न केल्यामुळे त्याला निरक्षरांच्या कप्प्यात टाकून देण्याची सवय लागली. ब्रेलमध्ये एम.ए., बी.एड. केलेली मुलगी आणि कधी शाळेत न गेलेले गृहस्थ बँकेच्या लेखी एकाच रांगेत उभे राहिले. काउंटरवरच्या माणसाच्या मनात द्वेष असतो असे मला वाटत नाही. उद्या खात्यातून पैसे गेले आणि ऑडिटमध्ये 'अंध व्यक्तीला कार्ड दिलेच कसे' असा शेरा आला तर आपले काय, ही त्याची धास्ती असते. ती समजून घे, पण तिला कारण म्हणून मान्यता देऊ नकोस, कारण हाच युक्तिवाद फार पूर्वी तपासला गेला आहे आणि फेटाळलाही गेला आहे.

अंध ग्राहकांना सुविधा नाकारल्याचे एक प्रकरण २००३ साली केंद्राच्या मुख्य दिव्यांग आयुक्तांपुढे गेले होते. ५ सप्टेंबर २००५ रोजी त्यात आदेश झाला, आणि त्याचा गाभा इतकाच की चेकबुक, एटीएम आणि लॉकर वापरताना धोका संभवतो म्हणून अंध व्यक्तीला त्या सुविधा नाकारता येणार नाहीत, कारण असा धोका इतर ग्राहकांच्या बाबतीतही असतोच. पटण्यासारखी गोष्ट आहे. डोळस माणसे रोज फोनवर ओटीपी सांगून लुबाडली जातात, म्हणून कोणी त्यांची कार्डे काढून घेत नाही. या आदेशाचा आधार घेऊन ४ जून २००८ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांना परिपत्रक पाठवले की त्रयस्थ व्यक्तीच्या नावे काढायच्या चेकसह चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, लॉकर, किरकोळ कर्जे, क्रेडिट कार्ड या सर्व सुविधा अंध ग्राहकांना कोणताही भेदभाव न करता द्याव्यात. त्यानंतर ग्राहकसेवेविषयीच्या मुख्य परिपत्रकात तोच मजकूर पुन्हा पुन्हा छापला गेला. तुझ्या शाखेतल्या साहेबांनी 'वरून सूचना आहेत' असे सांगितले म्हणतेस. वरच्या सूचना अशा आहेत.

त्यावर आता कायद्याचे छत्र आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम १३ मध्ये दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा, आपले आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा आणि बँकेची कर्जे मिळवण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. कलम ३ भेदभावाला मनाई करते, आणि भेदभावाच्या व्याख्येत वाजवी सोय नाकारणे हेही मोडते. म्हणजे तुला कार्ड नाकारणे हा तर भेदभाव आहेच, पण कार्ड दिले आणि त्यासोबतचे नियम वाचून दाखवायला मात्र कोणी तयार नसेल, तर तोही भेदभावच ठरू शकतो. कायद्याच्या व्याख्येत सहकारी संस्थाही खाजगी आस्थापना म्हणून येतात, तेव्हा गावातल्या पतसंस्थेनेही 'आम्हाला रिझर्व्ह बँकेचे नियम लागू नाहीत' म्हणून या कायद्यातून अंग काढून घेऊ नये.

आता संयुक्त खात्याचे बोलू, कारण त्या सल्ल्यातच खरी मेख आहे. असे खाते बहुधा 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेली व्यक्ती' या पद्धतीने उघडले जाते. याचा अर्थ असा की तुझा पूर्ण पगार तुझा भाऊ तुला न विचारता काढू शकतो आणि बँक त्याला अडवू शकत नाही, कारण तो कायदेशीर खातेदार असतो. तुझे भाऊ सज्जन आहेत यात मला शंका नाही, पण ज्या व्यवस्थेला 'सुरक्षित' म्हणून पुढे केले जाते ती प्रत्यक्षात तुझे पैसे दुसऱ्याच्या हाती देणारी आहे, एवढे ध्यानात घे. आपल्या खुशीने आईबरोबर संयुक्त खाते काढायचे असेल तर जरूर काढ. कार्ड आणि चेकबुक मिळण्याची अट म्हणून मात्र काढू नकोस. आणि कोणी पालकत्वाचा दाखला मागितला तर ऐकूनच घेऊ नकोस. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालचे पालकत्व स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी आहे. केवळ दिसत नाही म्हणून सज्ञान व्यक्तीला पालक नेमण्याची तिथे तरतूद नाही.

हमीपत्राचा मजकूर तू पाठवलास हे बरे केलेस. 'मी अंध असल्यामुळे माझ्या खात्यात होणाऱ्या कोणत्याही गैरव्यवहारास बँक जबाबदार राहणार नाही व त्याबाबत मी कोणतीही तक्रार करणार नाही.' यातला दुसरा भाग पुन्हा वाचून घे. बँकेच्या कर्मचाऱ्यानेच चूक केली किंवा कार्डाची नक्कल करून कोणी पैसे काढले, तरी तोंड बंद ठेवण्याचे वचन तुझ्याकडून आगाऊ घेतले जात आहे. हे डोळस ग्राहकाकडून घेत नाहीत. खाते उघडण्याच्या छापील अर्जावर जी सही सर्वांकडून घेतात तेवढी करावी. त्यापलीकडे केवळ अंधत्वाच्या कारणाने मागितलेल्या कोणत्याही कागदावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग करायचे काय? तुला मिळालेला नकार तोंडी आहे, आणि तोंडी नकाराला पुढे काहीच किंमत राहत नाही. 'आम्ही तर नाही म्हटलेच नव्हते, त्या स्वतःच निघून गेल्या' असे उत्तर येते आणि प्रकरण संपते. म्हणून पुढच्या खेपेला वाद न घालता अर्ज दे. शाखाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज, एका पानाचा: मी अमुक तारखेला खाते उघडण्यासाठी आले, कागदपत्रे पूर्ण होती, दृष्टिहीन असल्याच्या कारणावरून एटीएम कार्ड आणि चेकबुक देण्यास नकार मिळाला, रिझर्व्ह बँकेच्या ४ जून २००८ पासूनच्या सूचनांनुसार आणि २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ३ व १३ नुसार या सुविधा द्याव्यात, देता येत नसतील तर कारण आणि ज्या नियमाखाली नाकारता तो नियम लेखी कळवावा. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. दोन प्रती ने, एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. शिक्का कुठे उमटला आहे ते सोबतच्या व्यक्तीकडून पाहून घे, कारण सहीशिवाय नुसता गोल शिक्का मारून परत करण्याची युक्ती मला चांगली माहीत आहे. पोच देत नसतील तर तिथे थांबू नकोस, तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठव आणि पावती जपून ठेव. माझा अनुभव असा की निम्मी प्रकरणे इथेच मिटतात. 'नियम लेखी कळवा' म्हटले की साहेब प्रादेशिक कार्यालयाला फोन लावतात आणि तिकडून 'देऊन टाका' असे उत्तर येते.

नाहीच मिटले, तर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदव आणि तक्रार क्रमांक लिहून घे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधानकारक आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकील लागत नाही; किंबहुना वकिलामार्फत केलेली तक्रार ते घेतच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या 'सीएमएस' या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करता येते, आणि ते पोर्टल तुझ्या स्क्रीन रीडरशी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरशी, जुळले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या चंडीगडच्या तक्रार केंद्राकडे टपालाने पाठवता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दिव्यांग आयुक्तांचा मार्ग याहून वेगळा. राष्ट्रीयीकृत बँकेविरुद्ध दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जावे लागते. पतसंस्थेसारखी राज्याच्या अखत्यारीतली बाब असेल तर पुण्यातल्या राज्य आयुक्तांकडे. आयुक्त शिफारस करतात आणि त्यावर काय केले हे संबंधितांनी तीन महिन्यांत कळवायचे असते. लोकपाल याकडे सेवेतली त्रुटी म्हणून पाहतो, आयुक्त हक्काचा भंग म्हणून. तुझ्या बाबतीत मी आधी लोकपाल सुचवेन, कारण तुला कार्ड हवे आहे आणि पगार पुढच्या महिन्यात जमा होणार आहे. बँक सरकारी असल्याने, दृष्टिहीन ग्राहकांना सुविधा देण्याबाबत शाखांना कोणत्या सूचना दिल्या आहेत, हे माहिती अधिकारातही विचारता येईल. खाजगी बँक असती तर हा मार्ग बंद होता.

शाखेत मोबाइल काढून चित्रीकरण करण्याचा जो सल्ला तुला मैत्रिणीने दिला, तो मला पसंत नाही. त्याने गर्दी जमते, साहेब हट्टाला पेटतात आणि ज्या शाखेत तुला पुढची कित्येक वर्षे जायचे आहे तिथे तुझी ओळख 'ती व्हिडिओवाली' अशी होते. कलम ८९ मधल्या दंडाची धमकीही आत्ताच नको. पहिल्या भंगाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्या भंगाला पन्नास हजार ते पाच लाख, असा तो दंड आहे, पण तो न्यायालयाने करायचा असतो आणि काउंटरवर त्याचा उच्चार फुकाचा ठरतो.

थोडे तुझ्या बाजूचेही. सही एकसारखी येईल असा सराव कर. पुठ्ठ्याला सहीएवढी खाच कापून ती रकान्यावर ठेवली की रेघ सुटत नाही. सही जुळत नाही म्हणून चेक परत आला तर ते दुखणे वेगळे, त्याला भेदभाव म्हणता येत नाही. एटीएमवर जाताना इअरफोन ने. १ जुलै २०१४ नंतर बसवलेली यंत्रे बोलकी आणि ब्रेल कळपाटाची (कीपॅडची) असावीत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कळपाटावर मधल्या पाचच्या कळीला उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे लागतात. इअरफोनचे भोक असून आवाज येत नसेल तर तीही लेखी तक्रारीची बाब आहे. सुरक्षारक्षकाला पिन सांगण्याची सवय मात्र लावून घेऊ नकोस, तो कितीही ओळखीचा असला तरी.

मोबाइलवरच्या केवायसीत, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवून घेण्याच्या प्रक्रियेत, 'डोळे मिचकावा', 'चेहरा चौकटीत आणा' असले अडथळे येतील. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्या खंडपीठाने, ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्ती आणि एक दृष्टिहीन गृहस्थ यांच्या याचिकांवर निकाल देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि केवायसी सुलभ करण्यासाठी वीस निर्देश दिले. त्यामुळे ॲपने तुला नाकारले तर तिथेही कारण मागायचा तुझा हक्क आहे. स्क्रीन रीडरला ज्यांचे नाव वाचता येत नाही अशा ॲपमधल्या बिननावाच्या बटणांचे दुखणे मोठे आहे, त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

तुझ्या मामांचे तू शेवटी दोन ओळींत विचारले आहेस. अर्धांगवायूमुळे त्यांना सही करता येत नाही, आणि पेन्शन काढायला त्यांना खुर्चीतून उचलून शाखेत नेतात, हे वाचून वाईट वाटले, कारण त्याची गरजच नाही. हाताचा अंगठा उठत नसेल तर पायाचा चालतो, तोही जमत नसेल तर त्यांनी केलेली एखादी खूणही पैसे काढण्याच्या अर्जावर चालते. मात्र दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात, आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. म्हणजे शाखेने 'दोन साक्षीदार घेऊन या' म्हटले तर एकच बाहेरचा न्यायचा, दुसरा त्यांनी द्यायचा. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या ९ नोव्हेंबर २०१७ पासूनच्या सूचनांप्रमाणे सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना आणि वैद्यकीय दाखला असलेल्या दिव्यांगांना घरपोच रोख देणे, घरून रोख आणि चेक नेणे, हयातीचा दाखला घरी येऊन घेणे या सोयी पुरवण्याचा प्रयत्न बँकांनी करायचा आहे. त्यांच्या डॉक्टरांकडून दाखला घे आणि मामांच्या नावाने तसाच एक अर्ज त्यांच्या शाखेत दे. तुझ्या अर्जाचा मसुदा टाइप करून पाठवलास तर मी नजरेखालून घालीन.

तुझा हितचिंतक