बारावीचे टक्के

“मॅडम, हे सर्टिफिकेट चालेल का?”

मी समुपदेशक. आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न माझ्या टेबलावर येतोच. विचारणारी बहुधा तिशी ओलांडलेली असते. मुलं शाळेला लागलेली, सकाळचे चार तास मोकळे, आणि पर्समध्ये घडी घातलेलं एक रंगीत माहितीपत्रक. बालवाडीची शिक्षिका व्हायचंय. वय आड येईल का, इंग्रजी नाही ते चालेल का, भरलेले पैसे वाया तर जाणार नाहीत ना, असं बरंच काही पोटात असतं. तोंडावर येतो तो सर्टिफिकेटचा प्रश्न, कारण तो विचारायला लाज वाटत नाही.

वैशालीही (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) तोच प्रश्न घेऊन सांगलीतल्या माझ्या खोलीत आली होती. वय ३७. नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, थोरली नववीत, धाकटा पाचवीत. एप्रिलचं ऊन, तिनं आधी अर्धा तांब्या पाणी प्यायलं आणि मग पावती पुढे केली. एका खाजगी संस्थेत ‘मॉन्टेसरी टीचर ट्रेनिंग’साठी पाच हजार भरून जागा धरली होती. एकूण फी २४ हजार, त्यातले सहा हजार साहित्याच्या किटचे. पत्रकावर ‘शासनमान्य’ आणि ‘शंभर टक्के नोकरी’.

शासनमान्य कशावरून, हे शोधायला आम्ही दोघींनी ते पत्रक उलटंपालटं करून वाचलं. तळाला बारीक अक्षरात ट्रस्टचा नोंदणी क्रमांक होता आणि शेजारी आयएसओचा शिक्का. आता नोंदणी तर आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाचीही आहे, म्हणून त्यांनी शिक्षक तयार करावेत असं नाही. आणि आयएसओ हे कारभाराच्या पद्धतीबद्दल असतं, कोर्सच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही. राहिलं ‘मॉन्टेसरी’. डॉ. मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासला, अड्यारला आल्या, तिथं त्यांनी शिक्षकांचे वर्ग घेतले आणि त्यांची पद्धत आपल्याकडे पसरली. पण ते नाव आज कुणाच्याच मालकीचं नाही. पाटी कुणीही लावू शकतं. चांगली माणसंही लावतात, दुकानदारही लावतात.

“पण फोनवरची मुलगी म्हणाली, नवीन धोरण आलंय. सर्टिफिकेट नसेल तर पुढच्या वर्षी बालवाडीत उभंसुद्धा करणार नाहीत.”

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला पाठ आहे. हे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० चं आहे. त्यात ३ ते ८ वयाचा एक सलग पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. अंगणवाडीत काम करणाऱ्यांपैकी बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचं प्रशिक्षण आणि त्याहून कमी शिकलेल्यांना वर्षाचं, असंही त्यात म्हटलंय. ते अंगणवाडीत आधीपासून असलेल्यांसाठी. सांगलीतल्या गृहिणीनं घाईघाईनं २४ हजार भरावेत असं त्यात कुठं लिहिलेलं नाही.

इथवर मी बरं काम केलं. पुढचा अर्धा तास मात्र मी वाया घालवला, आणि तोही मोठ्या उत्साहानं.

मी कागद ओढला आणि बाण काढायला लागले. भक्कम कागद हवाय ना, मग डी.एल.एड. करा, प्राथमिक शिक्षकांचं आपलं जुनं डी.एड. दोन वर्षं, एनसीटीईची म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची मान्यता, पुढे टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग जिल्हा परिषदेचीही दारं उघडतात. वय ३७ म्हणजे काही उशीर नाही, माझ्याकडे चाळिशीतल्या बायका येतात वगैरे वगैरे. वैशाली मान हलवत होती. वहीत लिहूनही घेतलं तिनं. “बघते मॅडम,” म्हणाली आणि गेली. मला वाटलं, पटलं.

ती परत आली नाही. जूनच्या शेवटी मीच फोन केला. घरचं, पावसाचं, मुलीच्या क्लासचं बोलून झालं. मग मी विचारलं, फॉर्म भरला का?

“ते मला जमायचं नाही मॅडम.”

“का? घरचे नाही म्हणाले?”

बराच वेळ नुसतीच मागच्या मिक्सरची घरघर. मग हळूच, “मला बारावीला ४७ टक्के आहेत.”

डी.एल.एड.ला खुल्या गटातून बारावीला निदान ४९.५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना ४४.५. वैशाली खुल्या गटातली. शाळापूर्व शिक्षणाचा एनसीटीईचा वेगळा दोन वर्षांचा डिप्लोमाही आहे, डीपीएसई. त्यालाही ५० टक्क्यांची अट. म्हणजे मी तिला ज्या दाराकडे ढकलत होते ते तिच्यासाठी बंद होतं, आणि मी बाण काढत असतानाच तिला ते कळलेलं होतं. माझ्या नोंदणीच्या फॉर्मवर ‘शिक्षण : बारावी’ एवढंच होतं. टक्के विचारायला मला पाच सेकंद लागले असते.

“घरात माहीत नाही,” ती म्हणाली. “लग्नाच्या बायोडाटात पप्पांनी ५८ लिहिलेले.”

१८ वर्षांच्या संसारात तिनं मार्कलिस्ट माहेरच्या कपाटातून हलवलेली नव्हती. कुठलाही कोर्स म्हटला की मार्कलिस्ट लागणार, म्हणून कुठलाच कोर्स नाही. ती खाजगी संस्था तिला का आवडली तेही आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. तिथं बारावीचा कागद कुणी मागितलाच नव्हता.

दुसऱ्या भेटीत मी बाण काढले नाहीत. आधी विचारलं, तुम्हाला उभं कुठं राहायचंय? कुठल्या वर्गात, किती वर्षांच्या मुलांपुढे? तिला हवी होती तीन-चार वर्षांची मुलं. पहिलीच्या पुढची नकोतच. म्हणजे डी.एल.एड. तसंही तिच्या कामाचं नव्हतं. अंगणवाडीचा विचार आधी केला. ती महिला व बालविकास खात्याकडे येते, सेविकेला बारावी लागते, त्याच भागातली रहिवासी लागते आणि वयाची मर्यादा ३५, विधवांना ४०. वैशालीची दोन वर्षं उलटून गेलेली. राहिल्या खाजगी बालवाड्या, नर्सरी, केजी.

इथं कायद्याची स्थिती थोडी विचित्र आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाचा. त्याखालच्या मुलांसाठी सरकार सोय ‘करू शकेल’ एवढंच त्याचं अकरावं कलम म्हणतं. त्यामुळे खाजगी बालवाडीत कोण शिकवणार हे बहुतेक वेळा त्या शाळेची मुख्याध्यापिका ठरवते. मी सांगली-मिरजेतल्या ज्या मुख्याध्यापिकांना ओळखते त्या बारावी बघतात, बालशिक्षणाचा एखादा वर्षाचा कोर्स बघतात आणि मग मुलांपुढे अर्धा तास उभं करतात. निकाल त्या अर्ध्या तासावर लागतो.

अशा ठिकाणी चालेल असा एक कागद वैशालीच्या आवाक्यात होता. इग्नूचा, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा, बालसंगोपन आणि शिक्षणाचा डिप्लोमा. बारावी पास पुरे. कमीत कमी एक वर्ष, अभ्यास घरून, असाइनमेंट लिहायच्या, एक प्रोजेक्ट करायचा. माध्यम हिंदी घेता येतं. प्रवेश जानेवारीत आणि जुलैत. केंद्रीय विद्यापीठाचा डिप्लोमा आहे, कुणी बोगस म्हणणार नाही. पण त्यावर सरकारी शाळेतली शिक्षकाची जागा मिळत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं आणि तिच्याकडून वदवूनही घेतलं. इतकी वर्षं अर्धवट ऐकलेल्या गोष्टींनी बायका फसताना पाहिल्यात.

फॉर्म मात्र लगेच भरू दिला नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई गेली तीसेक वर्षं बालवाडी चालवतात. त्यांच्याकडे पाठवलं. बाईंची अट अशी, दोन आठवडे कोपऱ्यात पाटावर बसायचं, कशालाही हात लावायचा नाही, दिसेल ते वहीत लिहायचं.

ती वही वैशालीनं मला आणून दिली. तिच्या परवानगीनं त्यातले दोन तुकडे देते.

“सुटायची वेळ. एका मुलाला चप्पल घालून दिली. बाईंनी मला ती परत काढायला लावली. म्हणाल्या, त्याला घालू दे. त्याने उलटी घातली. काढली. परत उलटी. सात मिनिटे गेली. त्याची आजी दारात घड्याळ बघत होती. मला हात मांडीखाली दाबून बसावे लागले.”

“चिमट्याने चिंचोके उचलून वाटीत टाकणे. एका मुलीने पंधरा टाकले, वाटी पालथी केली, परत सुरू. बाईंना विचारले, लिहायला कधी शिकवता? म्हणाल्या, मग हे काय चाललंय?”

दुसऱ्या तुकड्यावर आम्ही तासभर बोललो. माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. चार वर्षांच्या मुलाची त्यातली साधारण निम्मीच हाड म्हणावीत अशी झालेली असतात, बाकी अजून मऊ कूर्चा. त्या हाताला पेन्सिल देऊन रेघेत ‘अ’ गिरवायला लावलं की ते मूठ आवळतं, खांद्यापासून जोर लावतं आणि दहा मिनिटांत कंटाळतं. चिमट्यानं चिंचोके उचलणं, मणी ओवणं, कणकेच्या गोळ्या वळणं यात पेन्सिल धरणारी तीच तीन बोटं तयार होतात. हे पालकांना पटवणं हा बालवाडीच्या बाईच्या कामाचा मोठा भाग आहे, आणि त्यासाठी प्रशिक्षण लागतं. नुसती मुलांची आवड असून भागत नाही.

चिंचोक्यांवरून वैशालीला सहा हजारांचं किट आठवलं आणि ती स्वतःशीच हसली. मी तिला ताराबाई मोडकांचं सांगितलं. मॉन्टेसरीची महाग साधनं खेड्यात परवडायची नाहीत म्हणून १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं केली. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच आलाय. पुढे १९७५ मध्ये केंद्राची योजना आली ती हाच शब्द घेऊन.

तिसऱ्या भेटीला नवरा आला. खुर्चीच्या कडेवर बसला, ग्रीसचे हात मांडीवर. “पोरं सांभाळायला कसलं सर्टिफिकेट? घरात दोन सांभाळलीच की तिनं.” मी वाद घातला नाही. वैशालीला विचारून वही त्याच्यापुढे सरकवली. त्यानं चपलेचा तुकडा वाचला. “हां,” म्हणाला, “नवीन पोऱ्या आला की मीपण पहिले दोन महिने त्याला जळक्या मोटारीचे वेढे मोजायलाच बसवतो. मध्ये हात घालायचा नाही.” मला वाटलं, आता पटलं. पण गडी व्यवहारी. “पगार किती?”

एका बालवाडीत मदतनीस म्हणून आठ हजार सांगितले होते. त्यानं जागच्या जागी रिक्षा, साड्या, दुपारचं जेवण वजा केलं आणि साडेपाच काढले. हिशोब बरोबर होता. मी तसं म्हटलंही. या कामात पैसा कमी आहे. ज्यांना महिन्याला ठरावीक मोठी रक्कम लागते त्यांना मी दुसरीकडे वळवते. वैशालीच्या घरी तिच्या पगारावर चूल अवलंबून नव्हती. असती तर मी हा सल्ला दिला नसता.

मग वैशालीनं नवऱ्याकडे न बघता सांगून टाकलं. “फॉर्मला मार्कलिस्ट लागते. मला ४७ टक्के आहेत.”

“माहितीये,” तो म्हणाला. “तुझ्या मामानं हळदीलाच सांगितलं होतं.”

अशा वेळी समुपदेशकानं काय करायचं असतं हे मला कुठल्याच कोर्सात शिकवलेलं नाही. मी चहा सांगायला बाहेर गेले.

जुलैचा प्रवेश हुकला, जानेवारीचा घेतला. संस्थेकडे भरलेले पाच हजार परत मागायला दोन अर्ज केले, फेऱ्या मारल्या. ‘बुकिंग परत मिळत नाही’ हे पावतीच्या मागे छापलेलं निघालं. गेले ते. तेव्हापासून पावतीची मागची बाजूही मी आधी बघते. कोर्स शिक्षक-प्रशिक्षणाचा म्हणत असतील तर एनसीटीईच्या यादीत, दूरशिक्षणाचा असेल तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) यादीत संस्थेचं नाव शोधायचं. दोन्ही याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट बघता येतात. नाव नसेल तर कोर्स वाईटच असतो असं नाही, काही छोट्या संस्था मनापासून शिकवतात. पण मग फी आणि शब्द त्या मानानंच असावेत.

वैशाली आता त्याच बाईंच्या बालवाडीत छोट्या गटाला आहे. हिंदीतून अभ्यास करताना पहिले दोन महिने रडकुंडीला आली. असाइनमेंट लिहिताना थोरलीनं मदत केली, बदल्यात मोबाइल मागितला. प्रोजेक्टसाठी सासूबाईंनी पाच किलो चिंचोके धुऊन वाळवून दिले.

गेल्या महिन्यात ती तिच्या शेजारणीला घेऊन आली. शेजारणीच्या हातात तसलंच रंगीत पत्रक. मी खुर्ची दाखवली, फॉर्म काढला, पेन शोधायला लागले. तेवढ्यात वैशालीनं शेजारणीच्या पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर ओढून माझ्यासमोर उघडलं.

“मॅडम, आधी मार्कलिस्ट बघा. मग बोला.”