घोषणा नको, काँक्रीट बघ

प्रिय मित्रा,

अणुऊर्जेच्या क्षेत्रात यावं का, असं तू विचारलंस. ये, असंच मी म्हणेन. फक्त सध्याच्या उत्साहाच्या भरात येऊ नकोस. डिसेंबर 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत वीसहून अधिक देशांनी 2050 पर्यंत जगाची अणुवीजक्षमता तिप्पट करण्याचा संकल्प केला. 2025 मध्ये जागतिक बँकेनेही अणुप्रकल्पांना कर्ज न देण्याचं जुनं धोरण बदललं. याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही अशी प्रत्येक बातमी वाचताना विचारत जा, पहिलं काँक्रीट कधी ओतलं? अणुभट्टीचं बांधकाम त्या दिवसापासून मोजतात. त्याआधीचं सगळं कागदावर.

आज जगात 400हून अधिक अणुभट्ट्या चालू आहेत आणि एकूण विजेत त्यांचा वाटा सुमारे 9 टक्के आहे. 1990च्या दशकाच्या मध्यात तो 17 टक्क्यांच्या वर होता. विजेची मागणी वाढत गेली आणि पश्चिमेकडच्या देशांनी नवं बांधणं जवळजवळ थांबवलं. याचं खापर चेर्नोबिल आणि फुकुशिमाच्या अपघातांवर फोडलं जातं. भीतीने नुकसान केलं हे खरंच. जर्मनीने कोळसा जळत असतानाच एप्रिल 2023 मध्ये शेवटच्या तीन भट्ट्या बंद केल्या. तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. पण त्याहून जुनाट दुखणं बांधकामाचं आहे.

फ्रान्समधलं फ्लामांव्हिल घे. तिथल्या तिसऱ्या भट्टीचं काम 2007 मध्ये सुरू झालं, खर्चाचा अंदाज 3.3 अब्ज युरो. ती वीजजाळ्याला जोडली गेली डिसेंबर 2024 मध्ये, आणि खर्च 13 अब्जांच्या पुढे गेला. मधल्या काळात काँक्रीटमध्ये दोष निघाले, भट्टीच्या पात्राच्या पोलादात कार्बन जास्त आढळला, वाफेच्या मुख्य नळांचं वेल्डिंग पुन्हा करावं लागलं. याच देशाने 1974 नंतरच्या पंधराएक वर्षांत पन्नासच्या आसपास भट्ट्या उभ्या केल्या होत्या. मग बांधणं थांबलं, जाणती माणसं निवृत्त झाली आणि हातातलं कसब गेलं. त्यात काम रखडलं की कर्जावरचं व्याज चढत राहतं. अमेरिकेत व्होगलच्या दोन नव्या भट्ट्या सुमारे सात वर्षं उशिरा आल्या, 30 अब्ज डॉलरच्या वर खर्चून.

आता बराका बघ. संयुक्त अरब अमिरातीने 2012 मध्ये कोरियन बनावटीच्या, एकसारख्या चार भट्ट्यांना हात घातला. तिथेही उशीर झाला, पण 2024 पर्यंत चारही चालू झाल्या आणि देशाची सुमारे पाव वीज आज तिथून येते. चीन ठरावीक नमुने पुन्हा पुन्हा बांधतो आणि एकेक भट्टी साधारण पाच-सहा वर्षांत उभी करतो. जगात आज बांधकाम सुरू असलेल्या भट्ट्यांपैकी जवळपास निम्म्या तिथे आहेत.

लहान मॉड्युलर भट्ट्यांचं, म्हणजे कारखान्यात सुटे भाग बनवून जागेवर जोडायच्या भट्ट्यांचं, आकर्षण तुला असणारच. आकाराने लहान म्हणून त्या स्वस्त होत नाहीत. कारखान्याला एकाच नमुन्याच्या भरपूर मागण्या मिळाल्या तरच होतील. अमेरिकेतला असाच एक गाजलेला प्रकल्प विजेचा अपेक्षित दर वाढत गेल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द झाला, बांधकाम सुरू होण्याआधीच. कॅनडात डार्लिंग्टन इथे 2025 मध्ये अशा एका लहान भट्टीच्या बांधकामाला परवानगी मिळाली. तिकडे लक्ष ठेव.

कचऱ्याच्या प्रश्नाने मात्र बिचकू नकोस. फिनलंडने ओन्कालो इथे 400 मीटरहून खोल खडकात वापरलेल्या इंधनासाठी कायमची जागा खोदली आहे. मला जास्त काळजी इंधनाची वाटते, कारण युरेनियम समृद्ध करण्याच्या, म्हणजे ते भट्टीत वापरण्याजोगं करण्याच्या, जगाच्या क्षमतेत रशियाचा वाटा 40 टक्क्यांच्या आसपास आहे.

अणुभौतिकी तू शिकशीलच. जोडीला धातुशास्त्र, वेल्डिंगची तपासणी, कंत्राटं आणि व्याजाचं गणित शीक. पहिली नोकरी चालू बांधकामावर घे, पगार थोडा कमी असला तरी. आणि अर्ज करण्याआधी फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाने फ्लामांव्हिलच्या वेल्डिंगबद्दल प्रसिद्ध केलेली कागदपत्रं वाच. अडेल तिथे खूण करून मला पाठव, आपण सविस्तर बोलू.

तुझा,
काका