जुना, वापरलेला तंबाखूचा पाईप घरी कसा साफ करावा? नळीवरचे दातांचे वण कसे घालवावेत?

तुम्ही लिहिलंय की मुंबईच्या चोर बाजारातून दोन जुने पाईप घेतले, आतून काळेकुट्ट आहेत, आंबूस वास येतो, नळी हिरवट पडलीय, टोकाला दातांचे वण आहेत. पहिलीच वेळ आहे, सामान काय लागेल, नव्यासारखे दिसतील का आणि दोन्हीचे मिळून दिलेले पैसे जास्त झाले का, असं विचारलंत. एवढंच असतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. दातांच्या वणांचं वाचलं आणि लिहायला बसलो.

आमचं मूळ गाव पारोळ्याकडचं. वडील, म्हणजे आप्पा, १९६२ साली भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. क्लीनर, फायरमन, शंटर, मग ड्रायव्हर अशी तेव्हा चढती असायची. फायरमन असताना ज्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या हाताखाली ते डब्ल्यूजी जातीच्या वाफेच्या इंजिनात कोळसा मारायचे, तो १९६९ मध्ये बायकापोरं घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना स्वतःचा पाईप आप्पांच्या हातात ठेवून गेला. म्हणजे आमच्या घरातला पाईपही सेकंडहँडच. दुसऱ्याच्या तोंडचं उष्टं म्हणून मायने तो सहा महिने घरात येऊ दिला नाही. रेल्वे क्वार्टरच्या मागच्या दाराला एक कोनाडा होता, तिथे राहायचा.

आप्पा तो दर रविवारी साफ करायचे. पाईप साफ करायच्या तारा भुसावळात कुठे मिळणार? पण खानदेशात कापसाला तोटा नाही. माय देवाच्या वाती वळायला बसली की आप्पा म्हणायचे, "दोन लांब वाती माझ्या पण वळ." ती मांडीवर तळहाताने वात वळायची, जरा जाड, घट्ट पिळाची. आप्पा ती झाकणभर रममध्ये भिजवून दांडीतून ओढायचे. पहिली वात डांबरासारखी काळी निघायची, दुसरी तपकिरी, तिसरी चहाच्या रंगाची. पांढरी निघेपर्यंत थांबायचे नाहीत. म्हणायचे, "धुराची वाट मोकळी तर इंजिन ओढतं. बाहेरून रंग मारतात तो साहेबाच्या तपासणीसाठी."

मी आजवर जुने चाळीसेक पाईप साफ केले असतील. त्यातून मला कळलंय ते या एका वाक्याच्या पुढे गेलेलं नाही. आतून जीव तोडून साफ करा, बाहेरून जपून हात लावा.

आता तुमच्या पाईपांकडे येतो. नळी, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आणि लाकडी दांडी वेगळी करताना हिसका देऊ नका, हळू फिरवत काढा. अडकली असेल तर पाईप पिशवीत गुंडाळून पंधरावीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, सुटते. वाटीतली, म्हणजे तंबाखू भरतात त्या खोलगट भागातली, खरवड बोथट चाकूने किंवा बोटाला गुंडाळलेल्या पॉलिशपेपरने काढा. टोकदार चाकू तळात रुतला तर लाकडाला खड्डा पडतो, तो पुन्हा भरत नाही. स्वतःच्या पाईपात दीडेक मिलिमीटरचा कोळशाचा थर लोक मुद्दाम राखतात, त्याने लाकूड जळत नाही. फार जाड झाला तर तोच थर तापून फुगतो आणि वाटीला चीर पाडतो. तुमचे पाईप परक्याचे आहेत, म्हणून सगळा थर काढून लाकूड एकदा डोळ्यांनी बघा. जळून खोल गेलेली जागा थराखाली लपलेली असते, आणि विकणाऱ्यालाही ती माहीत नसते.

मग कापूस आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाईल रिपेअरिंगवाले आयपीए म्हणतात, तेच, जितकं निखळ मिळेल तितकं. वाटीत कापूस सैल भरा, दांडीत जाड वात घाला, ड्रॉपरने आयपीए सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कापूस तपकिरी झालेला दिसेल आणि वास निम्मा गेलेला असेल. दुसऱ्या रात्री पुन्हा. बहुतेक व्हिडिओत कापसाऐवजी मीठ भरायला सांगतात. मी मीठ वापरत नाही. दांडीच्या भोकात गेलेले कण पूर्ण निघत नाहीत आणि तिथे लाकूड तडकल्याचं मी बघितलंय. फर्निचरच्या पॉलिशवाल्याकडचं स्पिरिट तर घरातच आणू नका. ते पिण्यालायक राहू नये म्हणून मुद्दाम विषारी केलेलं असतं, आणि ही वस्तू तोंडात जाणार आहे.

मातीच्या चिलमीचं वेगळं. आमचे आजोबा ती चुलीतल्या निखाऱ्यात टाकायचे, सगळा डांबरट मळ जळून चिलीम कोरी निघायची. माती भाजलेलीच असते, तिला चालतं. लाकडी पाईप बहुधा ब्रायरचा असतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. ते टणक लाकूड आगीला इतर लाकडांपेक्षा जास्त टिकतं, पण शेवटी लाकूडच.

नळी हिरवी पडते कारण ती बहुधा व्हल्कनाईटची असते. रबर आणि गंधक एकत्र तापवून केलेलं. ऊन लागलं की गंधक वर येतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा खिडकीत ठेवलेली नळी एका उन्हाळ्यात शेवाळल्यासारखी दिसायला लागते. ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्याखाली घासा, मग ६००, १०००, २०००. घासताना पिवळट तपकिरी चिखल निघतो, नखांत बसतो आणि काडेपेटीसारखा वास सुटतो. तो वास यायला लागला म्हणजे काम बरोबर चाललंय. चिखलाचा रंग काळा झाला की पुढच्या नंबरचा कागद घ्या. नळी दांडीला जोडूनच घासा, मध्ये प्लॅस्टिकची पातळ चकती घाला. सुटी घासली की सांध्याची कड गोल होते आणि जोडल्यावर तिथे फट दिसते.

आणि वण. व्हल्कनाईटला स्वतःचा मूळ आकार आठवतो. मेणबत्तीच्या ज्योतीवरून नळी भराभर फिरवली, एका जागी थांबू दिली नाही, तर दाबला गेलेला भाग हळूहळू आपोआप वर येतो. आरपार भोक असेल तर कोळशाची पूड आणि सुपर ग्लू कालवून भरतात. झालं तुमचं उत्तर. पण आमच्या जिभाऊने, म्हणजे माझ्या भावाने, हेच केलं, ते सांगतो.

आप्पांना पुढे दम लागायला लागला. डॉक्टरांनी तंबाखू बंद करायला सांगितली, त्यांनी केली. पण पाईप सुटला नाही. शेवटची नऊ वर्षं ते रिकामाच तोंडात धरून ओट्यावर बसायचे, गाडीचा भोंगा ऐकून किती मिनिटं लेट आहे ते सांगायचे. नळीच्या डाव्या बाजूला वरून दोन आणि खालून एक असे खोल वण पडले होते. २०१६ ला ते गेले. वर्षश्राद्धाच्या आधी जिभाऊ पाईप जळगावला घेऊन गेला. त्याने व्हिडिओ बघून मेणबत्तीवर वण उठवले आणि मग भांड्यांना बफ मारणाऱ्याकडून लाकूड चकचकीत करून आणलं. श्राद्धाच्या दिवशी मखमलीच्या डबीत घालून मायपुढे ठेवलं. पाईप आरशासारखा झाला होता. मायने नळीवरून बोट फिरवलं, परत फिरवलं आणि म्हणाली, "तुना बाप गया, आते दात बी गयात." आणि उठून आत गेली.

जिभाऊ आजही म्हणतो, मी भंगाराचं सोनं केलं आणि तुम्ही मलाच बोल लावता. त्याने प्रेमाने केलं हे मला मान्य आहे. पण बफखाली दांडीवरचे ठशेही गेले. मला त्यातलं 'लंडन' एवढंच आठवतं, नावाची अक्षरं मी कधी लिहून ठेवली नाहीत. तो पाईप कोणी केला, साधारण कोणत्या काळातला, हे आता कोणी सांगू शकणार नाही. जिभाऊ म्हणतो, अक्षरांनी काय होतं? होतं. पीटरसन या आयरिश कंपनीच्या पाईपवर 'आयरिश फ्री स्टेट' असा ठसा असेल तर तो १९२२ ते १९३७ मधला, कारण त्या नावाचा देशच तेवढी वर्षं होता. एका ठशावरून एवढं कळतं. बफचं चाक ते दहा सेकंदात पुसतं.

म्हणून लाकडाला मशीन लावू नका, हे तुम्हाला सांगतोय आणि जिभाऊ वाचत असेल तर त्यालाही. काठावरचा जळका काळेपणा ओल्या फडक्याने निघेल तेवढाच काढा. वर कार्नोबा मेण, म्हणजे एका ताडाच्या पानांचं कडक मेण, हाताने चोळा. चपडा लावू नका, तो उष्णतेने फुगतो. नव्यासारखे दिसतील का, तर दिसतील, पण तुम्ही घेतलेत ते जुने. तुमच्या नळ्यांवरचे वण परक्याचे आहेत, खुशाल उठवा. घरातल्या माणसाचा पाईप असता तर मी वरचं उत्तर तुम्हाला दिलंच नसतं.

राहिलेलं. पाईप पांढरट, हलका, दगडासारखा असेल तर तो मीरशॅम, त्याला आयपीए लावायचं नाही. नळी ॲक्रिलिकची असेल तर तिलाही नाही, बारीक तडे जातात, आणि तिचे वण मेणबत्तीने उठत नाहीत. आयपीए भडकतं, मेणबत्तीचं काम त्या दिवशी करू नका. पाईपचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून तो निर्धोक, असं जे सांगतात ते खोटं आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर त्यानेही होतो. मी स्वतः ओढत नाही, फक्त साफ करतो.

किमतीचं ठसे बघितल्याशिवाय सांगता येत नाही. दुसऱ्या पाईपच्या दांडीवर पुसट काहीतरी आहे म्हणालात. उन्हात तिरपा धरा, दोन्ही बाजूंचा जवळून फोटो काढा आणि इथेच टाका. आयपीएची बाटली त्यानंतर उघडा.