1796 साली पेनसिल्व्हेनियात अध्यक्षपदासाठी मतदान कसं झालं होतं?

चिठ्ठ्यांवर! लढत जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन यांच्यात होती. राज्यातून 15 निर्वाचक, म्हणजे लोकांच्या वतीने अध्यक्षपदासाठी मत देणारे प्रतिनिधी, निवडायचे होते आणि ती पंधराच्या पंधरा नावं हातानेच लिहिलेली हवीत, छापील चिठ्ठी चालत नसे. जेफरसनच्या बाजूच्या जॉन बेकली यांनी हे बरोबर हेरलं. हजारो चिठ्ठ्या हाताने लिहून घेतल्या आणि माणसांकरवी राज्यभर पोचवल्या. एकेका चिठ्ठीवर पंधरा नावं, म्हणजे केवढी मेहनत! माझ्या मते राज्य तिथेच जिंकलं गेलं. जेफरसनचे 13 निर्वाचक निवडून आले, अॅडम्सचे दोनच. त्यातल्याही सॅम्युअल माइल्स यांनी ऐनवेळी मत जेफरसनला दिलं, म्हणून आकडा 14-1 झाला. देशात मात्र अॅडम्स 71-68 ने निवडून आले.